शुक्रवारची गैरहजेरी : एका गृहभेटीच्या तयारीची हकिगत

सातवीतली एक मुलगी. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सात दिवस गैरहजर, दोन घटक चाचण्या बुडालेल्या, आणि शिक्षकखोलीत एक कुजबुज : "तिचं कुठंतरी जमवतायत म्हणे." एवढ्यावर मी, तिची वर्गशिक्षिका, तिच्या घरी जाऊन आले आणि ती भेट पार फसली. महिनाभराने पुन्हा गेले, ती जमली. फरक पडला तो मधल्या तयारीने, म्हणून ही हकिगत मुख्यतः त्या तयारीची आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. शाळा पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याकडची, सकाळी सात दहाला भरणारी. घर त्याच टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत. एवढं पुरे.

पहिली भेट

बुधवार होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी आणि एक सहकारी शिक्षक न कळवता वर चढलो. न कळवण्यामागे माझा हिशेब होता. कळवून गेलं की घरचे सावरून बसतात, खरं काय ते दिसत नाही, असं नोकरीच्या सुरुवातीला ज्येष्ठांकडून ऐकलं होतं आणि ते मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. काखेत हजेरीपत्रक होतं. गल्ली अशी, की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला टेकून वाट द्यायची. पत्ता विचारत विचारत गेलो, त्यामुळे वाटेतल्या दहा घरांना कळलं की अमकीच्या घरी शाळेतून बाई आल्यात. दारात पोचेपर्यंत मागे पाच-सहा बायका आणि पोरांचा घोळका. एकीने विचारलंच, "काय केलं हो पोरीनं?"

आई कामावर होती. वडील मार्केट यार्डात हमाल; मध्यरात्रीनंतर कामाला निघायचं म्हणून पांघरूण घेऊन झोपले होते. आजी लगबगीने त्यांना उठवू लागल्या, मी नको म्हटलं. मग आजींनी कनवटीची नोट काढून नातीच्या हातात कोंबली आणि ती कोल्ड्रिंक आणायला धावली. ती परत येईतो मी उभ्या-उभ्याच हजेरीपत्रक उघडून आजींना लाल खुणा दाखवल्या. आजींना अक्षरओळख नाही, हे मला नंतर कळलं. वर म्हणाले, "आजी, मुलांना शाळेत पाठवणं कायद्यानं बंधनकारक आहे."

या वाक्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण आम्ही शिक्षक ते फार सहज उच्चारतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १० मध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर आहे. ही मुलगी तर दाखल होतीच. त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांच्या कानावर घालायची, हे त्यात येतं. जून-जुलैत मी हे केलेलं नव्हतं. म्हणजे स्वतःचं कर्तव्य बाजूला ठेवून मी दुसऱ्याच्या दारात उभं राहून दुसऱ्याचं कर्तव्य सुनावत होते, तेही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मुलगी बाटली घेऊन आली. स्टीलच्या दोन पेल्यांत ओतून तिने आमच्यासमोर धरले आणि मोरीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती शाळेत आली नाही. शुक्रवारीही नाही. सोमवारी आली ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. जूनपासून तिची जागा दुसऱ्या बाकावर होती.

हजेरीपत्रक पुन्हा वाचलं

तोवर मी हजेरीपत्रक फक्त मोजलं होतं. आता एका कागदावर तारखा उतरवून त्यांच्यापुढे वार लिहिले. एव्हाना नऊ गैरहजेऱ्या झाल्या होत्या : सहा शुक्रवार, दोन गुरुवार, एक सोमवार. सोमवारी ताप होता, तशी चिठ्ठी होती. बाकी आठ दिवसांची कारणं मी तिला त्या-त्या वेळी विचारली होती आणि "घरी काम होतं" या उत्तरावर पुढे काही विचारलं नव्हतं.

मग वेळापत्रक शेजारी ठेवलं. शुक्रवारी सकाळी पहिल्या दोन तासिका गणिताच्या आणि घटक चाचणीही शुक्रवारीच. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस असतात. त्यातले आठ-नऊ गेले तर आकड्याने फार वाटत नाही. पण हे दिवस असे विखुरलेले नव्हते. तिची मराठी, इतिहास, विज्ञान जागच्या जागी होतं आणि गुणोत्तर-प्रमाण मात्र सुरू कुठून झालं हेच तिला माहीत नव्हतं. "गणितात कच्ची" असा शेरा मी तिच्या नोंदीत लिहून ठेवला होता. तो त्या दिवशी खोडला.

शुक्रवारच का, याची उत्तरं शिक्षकखोलीत तयार होती. देवीचा वार असेल. कुणाकडे तरी कामाला पाठवत असतील. आणि ती लग्नाची कुजबुज. मी ही सगळी कागदाच्या मागच्या बाजूला 'ऐकीव' असं वर लिहून उतरवली. असं केल्याचा फायदा झाला. डोक्यात घोळत राहिलेली शंका प्रश्न विचारताना आवाजात उतरते. कागदावर ठेवली की निदान आपल्याला कळतं की ही शंका आहे.

आधी मुलीला विचारलं

पोषण आहाराची पंगत आटोपत आली होती. ती व्हरांड्याच्या कडेला ताट घेऊन बसली होती. मी शेजारी बसले.

"मागच्या वेळी मी न विचारता आले. चुकलं माझं ते. या वेळी तुझ्या आईला विचारून यायचं म्हणते. तुला चालेल का?"

तिने खिचडीतला एक वाटाणा ताटाच्या कडेपर्यंत नेला, परत आणला. "ती वही आणणार का?"

"कुठली?"

"हजेरीची."

"नाही आणणार."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आईला दोननंतर फोन करा. सकाळी चार घरी पोळ्या असतात. साडेचारला परत जाते. आणि बाई, पत्ता विचारत येऊ नका. आई खाली रिक्षा स्टँडपाशी येईल."

या पाच वाक्यांत भेटीची निम्मी आखणी तिनेच करून दिली. आपण मुलाच्या घरी जातो ते मुलासाठी म्हणून, आणि सगळ्यात शेवटी विचारतो ते मुलाला. त्या गल्लीत रोज राहायचं आहे ते तिला. आपण गेल्यावर शेजारणी काय बोलतील ते ऐकायचं आहे तेही तिनेच.

आईला फोन

शाळेच्या नोंदीत वडिलांचा नंबर होता. तो भर बाजारात वाजला असता, नाहीतर झोपेत. मुलीने आईचा नंबर दिला. शाळेचा फोन म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, म्हणून पहिलं वाक्य काय असावं ते मी लिहून ठेवलं होतं : "ताई, मी तुमच्या लेकीची वर्गशिक्षिका बोलतेय, काळजीचं काही नाही, तक्रारही नाही."

"बोला की बाई."

"तुमच्याकडे अर्धा तास यावं म्हणते. कुठला वार, कुठली वेळ तुम्हाला बरी पडेल?"

"गुरुवार-शुक्रवार सोडून कधीबी या."

"का हो, गुरुवारी काही असतं का?"

"पाणी बंद असतंय ना. सगळ्या गुरुवारी नाही, पेपरात येतंय तवा. आन् शुक्रवारी तर बघूच नका. नळाला कधी येईल नेम नाही, आन् आलं तरी करंगळीएवढी धार. मी सातच्या आत निघते. पोरगीच भरतीय."

समोर माझा तारखांचा कागद होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

पुण्यात राहणाऱ्याला हे नवीन नाही. जलकेंद्रातली पंपिंगची, विजेची देखभाल-दुरुस्ती निघाली की महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते, आणि त्या सूचनेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. हे वाक्य मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. आमच्या सोसायटीत खाली टाकी, वर टाकी. शुक्रवारचं पाणी उशिरा आलं हे मला कधी कळतसुद्धा नाही. पर्वती जलकेंद्र तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. पण दाब कमी असला की उतारावर खालचे नळ आधी भरतात, वरच्यांची पाळी शेवटी. खाली सहाला सुटलेलं पाणी तिच्या गल्लीत आठला, कधी नऊला पोचतं. शाळा भरते सात दहाला.

गृहभेटीला निघणाऱ्या सहकाऱ्यांना मी आता पहिलं हेच सांगते : वेळ ठरवू नका, वेळ मागा. मी बुधवारी गेले तेव्हा वेळ माझी होती, म्हणून मला फक्त माझेच प्रश्न दिसले. "तुम्हाला कधी बरं पडेल?" असं विचारलं आणि घराचा सगळा आठवडा समोर आला : कोण किती वाजता निघतं, कोण कधी झोपतं, घरात पाठीमागे कोण उरतं. हे "घरी कोण काय करतं?" असं विचारून कळलं नसतं. तो प्रश्न चौकशीसारखा लागतो आणि चौकशीला माणूस बेताचंच उत्तर देतो.

शनिवार दुपारी तीन ठरली. शनिवारी मार्केट यार्डातल्या भाजीच्या बाजाराला सुट्टी, वडील घरी. आई साडेचारपर्यंत मोकळी.

कारण कळलंच आहे तर जायचं कशाला, असं एका सहकाऱ्याने विचारलं. कारण कळलं होतं, पण पुढे काय करायचं ते आम्ही शाळेत बसून ठरवणं बरोबर नव्हतं. शिवाय आजींच्या दारात मी जे बोलून आले होते ते फोनवर मागे घेता येण्यासारखं नव्हतं.

मधले दिवस

मुख्याध्यापकांना आधी भेटले आणि त्यांना एकच विचारलं : मी तिथे काय कबूल करू शकते? शिक्षक कळवळ्याने घरात बसून "काही काळजी करू नका, मी बघते" म्हणतो आणि शाळेत परतल्यावर कळतं की त्यातलं काहीच त्याच्या हातात नाही. दुसऱ्यांदा मोडलेला शब्द पहिल्या अपमानापेक्षा जास्त लागतो. सरांनी दोन गोष्टींना होकार दिला. पाणी बंदच्या दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली तरी तिला दारात अडवायचं नाही, हजेरी मांडायची. आणि घटक चाचणीचा वार बदलायचा. फी, वह्या, इतर मदत यांबद्दल मी अवाक्षर काढायचं नाही, हेही ठरलं.

सोबत कोण, हा प्रश्न सोपा झाला. पहिल्या वेळचे सहकारी चांगलेच होते, पण मायलेकी मोकळेपणाने बोलाव्यात म्हणून आणि बुडत होतं ते गणित म्हणून गणिताच्या बाईंना बरोबर घेतलं. दोघींपेक्षा जास्त नको. घर दहा बाय बाराचं, चार माणसं आली की घरच्यांनाच बाहेर उभं राहावं लागतं. हालचाल नोंदवहीत वेळ आणि कारण लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'गैरहजेरी चौकशी' न लिहिता 'पालक भेट' लिहिलं.

लग्नाच्या कुजबुजीचीही तयारी केली होती. ते खरं निघालं असतं तर मुलगी बारा वर्षांची, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. त्या परिस्थितीत माझं काम घरात वाद घालण्याचं नव्हतं. ऐकून घ्यायचं, मुलीला एकटीला शाळेत भेटायचं आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगून पुढे कळवायचं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीच द्यायचं नाही, हे मी आणि गणिताच्या बाईंनी जाताना वाटेतही एकमेकींना बजावलं. आपण होऊन हा विषय मात्र काढायचा नाही असं ठरवलं.

बरोबर काय न्यायचं? तिची विज्ञानाची वही. हृदयाची आकृती तिने इतकी स्वच्छ काढली होती की मी ती वर्गात फिरवली होती. खाऊ नेला नाही. पहिल्या भेटीला त्यांच्या नोटेचं कोल्ड्रिंक पिऊन आल्यावर आता मी डबा घेऊन जाणं म्हणजे हिशेब चुकता केल्यासारखं दिसलं असतं. फोनवर आईला मोकळेपणाने सांगितलं होतं, "ताई, फक्त चहा. बाहेरून काही आणलंत तर मी बसणार नाही."

प्रश्न लिहिले आणि त्यातले बरेचसे खोडले. घरात कोण किती कमावतं, खोडला. पाण्याला दुसरं कुणी का थांबत नाही, हाही खोडला, कारण 'का नाही' ने सुरू होणारा प्रश्न उत्तर मागत नाही, जाब मागतो. पहिला प्रश्न ठेवला तो आजींसाठी, आणि त्यात शाळेचा उल्लेख नव्हता.

शनिवार, दुपारी तीन

आई रिक्षा स्टँडपाशी उभी होती. धुतलेली साडी, हातात कोथिंबिरीची जुडी. गल्लीतून जाताना शेजारणींनी पाहिलं ते असं, की तिच्याकडे पाहुण्या आल्यात.

आत सतरंजी अंथरलेली. मी सतरंजीवरच बसले. आजी लोखंडी कॉटवर, तोंड वळवून. मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही इथे कधीपासून?"

बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "माझे सासरे पानशेतच्या पुरात वाहून वाचलेले. घर गेलं नदीकाठचं. मग हिकडं आले." १२ जुलै १९६१ ची ती सकाळ पुण्यातल्या किती घरांत अजून अशी सांगितली जाते! पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण फुटलं. आजी सून म्हणून आल्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण सांगताना सासऱ्यांचे शब्द जसेच्या तसे येत होते. दहा मिनिटं त्याच बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचं तोंड आमच्याकडे वळलं. मी म्हणाले, "मागल्या वेळी मी दारात कायद्याचं बोलले, ते बोलायला नको होतं." त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घ्या. थंड व्हतोय."

भिंतीवर कालनिर्णय होतं. तारखांच्या चौकोनांत दुधाच्या खुणा, गॅसची तारीख आणि काही गुरुवारांवर निळ्या पेनने लहानसं 'पा'. अक्षर ओळखीचं होतं. "हे काय गं?" विचारल्यावर मुलगी म्हणाली, "पाणी बंद. पेपरात आलं की खालच्या दुकानातले काका सांगतात, मग मी लिहिते. त्या दिवशी आदल्या रात्री सगळं भरून ठेवायचं." पर्समधला तारखांचा कागद काढून मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. आठही तारखा जुळत होत्या. माझ्या पहिल्या भेटीनंतरचा गुरुवार आणि शुक्रवारही. ते दोन दिवस माझ्यामुळे ती आली नाही असं मी महिनाभर धरून चालले होते. तसं नव्हतं, त्या गुरुवारी साठवलेलं पाणी संपलं म्हणून ती उताराखालच्या आत्याकडून कळशीने आणत होती. शेवटच्या बाकावर मात्र ती माझ्यामुळेच गेली होती, हे तिने विचारल्यावर मान हलवून सांगितलं.

मोठा ड्रम घेतला तर? गणिताच्या बाईंनी सहज म्हटलं. वडील तोवर गप्प होते. त्यांनी हाताने खोली दाखवली. "ठेवायचा कुठं, बाई? ड्रम घेतला तर एक माणूस बाहेर झोपणार." आजी रांगेत नंबर धरू शकतात, पण गुडघ्यामुळे नळापासून घरापर्यंतच्या पायऱ्या हंडा घेऊन चढू शकत नाहीत. हे सगळं ऐकल्यावर आम्ही आणलेल्या दोन गोष्टी सांगितल्या : उशिरा आली तरी चालेल, चाचणी बुधवारी. गणिताच्या बाईंनी बुडालेल्या तासिकांसाठी सोमवारची मधली सुट्टी देऊ केली. मुलीने आईकडे पाहिलं, आईने वडिलांकडे. वडील म्हणाले, "धा मिनटं का होईना, जाऊ दे तिला." आजी म्हणाल्या त्या घागरी भरून नळापाशी लावून ठेवतील, वर आणून द्यायला शेजारच्या पोराला सांगून बघू.

विज्ञानाची वही मी सगळ्यात शेवटी काढली. वडिलांनी हात सदऱ्याला पुसून ती घेतली. हमालाचे जाड, भेगाळलेले हात. पान उलटताना ते दोन बोटांनी कोपरा नुसता उचलत होते. आकृतीवर बराच वेळ थांबले. "हे हिनं काढलं?" एवढंच विचारलं.

लग्नाचा विषय आपोआप निघाला. आईच म्हणाली, पुतणीचं ठरलंय गावाकडे, दिवाळीनंतर. एकवीस पूर्ण आहे. मुलीने मैत्रिणीला सांगितलं होतं, "आमच्याकडे लग्न आहे."

निघताना आईने हळद-कुंकू लावलं आणि पदरात तांदूळ, सुपारी घातली. मी नको म्हटलं नाही.

नंतर

हे प्रकरण सुटलं असं म्हणता येणार नाही. पाणी तसंच येतं. त्या भेटीनंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाणी बंदचे तीन गुरुवार झाले. त्यांच्या दुसऱ्या दिवशी ती दोनदा उशिरा आली, एकदा आलीच नाही. शेजारचा मुलगा गावी गेला होता. सत्र परीक्षेत गणितात काठावर पास झाली.

वर्गात मी हात वर करायला न सांगता चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितलं की शुक्रवारी सकाळी कुणाकुणाला पाण्यामुळे उशीर होतो. तिच्याशिवाय आणखी चार चिठ्ठ्या निघाल्या, चारही मुलींच्या. त्यांतल्या दोघींच्या नोंदीत 'अनियमित' असा शेरा माझ्याच हातचा होता. घटक चाचणी आता पाचवीपासून सगळ्याच वर्गांची बुधवारी असते आणि सूचनाफलकावर पाणी बंदची बातमी लागते. ती बघून गणिताच्या बाई शुक्रवारी नवा भाग सुरू करत नाहीत, सराव घेतात.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुसरी तासिका निम्मी झाली असताना ती दारात आली. आठ चाळीस झाले होते. गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, वेणी सुटत आलेली. गणिताच्या बाईंनी फळ्यावरून न वळता "ये" म्हटलं. ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, ओला हात फ्रॉकला पुसला आणि शेजारणीच्या वहीतलं पहिलं उदाहरण उतरवून घेऊ लागली.